शेवटचे ठीक केव्हा पाहिले?

मंडळाच्या कार्यवाहांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी शिक्षक असल्यामुळे दहावीनंतरच्या अभ्यासक्रमांवर काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय मी बाजूला ठेवला आहे. आमच्या वडिलांना, म्हणजे वसाहतीत सर्वजण ज्यांना दादा म्हणतात त्यांना, डिसेंबर २०२३ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून कोणीही भेटले की त्यांच्या तब्येतीची चौकशी करतात आणि शेवटी हळूच विचारतात, "सर, आमच्या घरात असे झाले तर पहिले काय करायचे?" जिन्यात उभ्याउभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. त्या दिवसांत डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, पुढे मी जे वाचून पडताळून घेतले आणि आमच्या हातून जे चुकले, एवढेच माझे भांडवल आहे.

सुरुवात खरे तर तीन दिवस आधी झाली होती. ६ डिसेंबरला दादा दरवर्षीप्रमाणे पाणीवाटपाच्या सेवेसाठी शिवाजी पार्कला गेले होते. दुपारी त्यांच्या उजव्या हातातून पाण्याचा ग्लास निसटला. दुसरा भरून घेतला, तोही निसटला. बोलताना जीभ जड झाल्यासारखी वाटली. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. दोन रात्रींचे जागरण होते, ऊनही होते. थकवा आला असेल म्हणून कार्यकर्त्यांनी त्यांना सावलीत बसवले आणि लिंबूसरबत दिले. घरी आल्यावर दादांनी हा प्रसंग हसत हसत सांगितला आणि आम्हीही हसलो.

अशा, काही मिनिटांत ओसरणाऱ्या लक्षणांना डॉक्टर टी.आय.ए. म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि आपोआप विरघळते किंवा पुढे सरकते. माणूस बरा होतो, पण गुठळी जिथून आली ते कारण शरीरात तसेच राहते. यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि पुढेही काही दिवस तो कमी होत नाही. म्हणून 'आता बरे वाटते' असे म्हणून घरी बसायचे नसते; त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. त्या दिवशी ग्लास निसटल्यावर आम्ही गेलो असतो तर हा लेख कदाचित लिहावाच लागला नसता.

९ डिसेंबरच्या रात्री दादा दहाच्या सुमारास झोपले. पहाटे पाचला दहा मिनिटे कमी असताना आईच्या हाकेने आम्ही दोघे भाऊ उठलो. दादा पलंगाच्या कडेला कलंडले होते. तोंड एका बाजूला ओढले गेले होते, उजवा हात लोंबत होता आणि तोंडातून शब्द नव्हे, नुसता आवाज येत होता. डोळ्यांत मात्र सारी ओळख होती. ते डोळे मी विसरू शकत नाही.

पुढच्या अर्ध्या तासात आम्ही काय केले ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आईने पाणी पाजले; ते घशात अडकून दादांना जोराचा ठसका लागला. मी त्यांची रक्तदाबाची गोळी चुरून जिभेखाली ठेवली. भावाने तेल कोमट करून हातापायाला चोळले. शेजारच्या मावशी धावत आल्या. त्यांनी लकव्यावर झाडपाल्याचे औषध देणाऱ्या कोणा माणसाचे गाव सांगितले आणि मन लावून पत्ताही सांगितला. माणसे प्रेमापोटीच करतात हे सगळे. पण यातली प्रत्येक गोष्ट निरुपयोगी किंवा घातक होती, आणि ती का, हे कळण्यासाठी मेंदूत त्या वेळी काय घडत असते ते पाहिले पाहिजे.

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असतो, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्याच्याजवळ शिल्लक काही नसते. हातावर पोट असलेल्या माणसासारखी त्याची स्थिती. रक्ताचा पुरवठा थांबला की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब एका अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला होता. परंतु सगळा भाग एकदम मरत नाही. गाभा आधी जातो. त्याच्या भोवतीचा भाग आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर कसाबसा तग धरून असतो. उपचार असतो तो या तग धरून असलेल्या भागासाठी. आता लक्षात येईल की रक्तदाबाची गोळी देणे का वाईट. त्या वेळी दाब वाढलेला असतो, आणि त्या दाबामुळेच थोडेफार रक्त त्या भागाकडे ढकलले जात असते. घरच्या घरी दाब एकदम उतरवला तर तेही बंद होते. पाण्याचे म्हणाल तर गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असतात. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. आणि तेल हाताला लावून काय होणार? बिघाड हातात नसतोच. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवे अंग जाते, आणि बहुतेकांची वाचाही डाव्या बाजूला असल्यामुळे तीही जाते.

पक्षाघात दोन प्रकारचा असतो. दहापैकी साधारण आठ रुग्णांत रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. उरलेल्यांत ती फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून पाहून हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी त्याला सी.टी. स्कॅन करावाच लागतो. गुठळीवरचे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर ते विषच ठरेल. हृदयविकारात ॲस्पिरिन चावायला देतात हे ऐकून काहीजण येथेही ती देतात. स्कॅन होण्यापूर्वी ती देऊ नये.

हे मला त्या पहाटे ठाऊक नव्हते. दादांना रिक्षात घालून आम्ही पाच-सात मिनिटांवरच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये नेले, कारण ते जवळ होते. तेथे सी.टी. स्कॅन नव्हता. सलाइन लावले गेले आणि 'मोठे डॉक्टर येतील' असे सांगण्यात आले. आम्ही बाकावर बसून राहिलो. सलाइनची बाटली टांगलेली दिसली की आपल्या माणसांना उपचार सुरू झाल्याचे समाधान वाटते, आम्हालाही वाटले. जवळजवळ एक तासाने कळले की रुग्णाला पुढे न्यावे लागेल. दोष त्या नर्सिंग होमचा होताच, पण दारातच "स्कॅन आहे का?" एवढे विचारण्याचे मला सुचले नाही, हेही खरे. या आजारात जवळचे रुग्णालय म्हणजे ज्या रुग्णालयात चोवीस तास सी.टी. स्कॅन होतो त्यांपैकी जवळचे.

आम्ही १०८ क्रमांकही फिरवला नाही. राज्यात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. दोन इमारतींमधल्या बोळात गाडी वळत नसेल, तर एकाने फोन करावा, एकाने रस्त्याच्या तोंडाशी उभे राहावे आणि बाकीच्यांनी रुग्णाला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणावे. आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, खुर्ची वळते. रुग्णाला उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर मात्र कुशीवर निजवूनच ठेवले पाहिजे.

पावणेसातला आम्ही महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचलो. तरुण निवासी डॉक्टरांनी दादांचे बोट टोचून साखर तपासली, कारण साखर फार उतरली तरी अगदी अशीच लक्षणे दिसतात. मग त्यांनी विचारले, "यांना शेवटचे ठीक केव्हा पाहिले होते?" माझा भाऊ म्हणाला, "रात्री दहाला, झोपायच्या आधी." डॉक्टरांनी केसपेपरवर ते लिहिले, घड्याळ पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

या प्रश्नाचे महत्त्व तेव्हा आम्हाला कळले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज या नावाचे असते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने ते तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते असे दाखवले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढवली. जसजसा वेळ जातो तसतसा फायदा घटतो आणि धोका वाढतो. झटका नेमका केव्हा आला हे कोणी पाहिले नसेल, तर रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिले त्या क्षणापासून घड्याळ मोजतात. रात्री दहा म्हणजे पावणेनऊ तास झाले होते. हिशेब संपला होता.

तेवढ्यात वरिष्ठ डॉक्टर आल्या. त्यांनी केसपेपर वाचला आणि आम्हाला एकच प्रश्न केला, "त्यांच्या खोलीत कोण झोपते?" आई झोपते. आई घरी होती. रुग्णालयात धावपळ फार, पैसे भरावे लागतील, सह्या कराव्या लागतील, म्हणून आम्ही पुरुषमाणसे निघालो होतो आणि आईला घरीच थांब म्हणून सांगितले होते. मी फोन लावला. आई घड्याळ बघत नाही. आमच्या वसाहतीत पालिकेचे पाणी पहाटे साडेतीनला येते, तेच तिचे घड्याळ. ती म्हणाली, "अरे, पाणी त्यांनीच भरलं की! दोन्ही पिंप भरले, नळ बंद केला आणि म्हणाले, आज पाण्याला जोर नाही. मग पडले." नळ चारला जातो. म्हणजे चारपर्यंत दादा चालत होते, दोन्ही हातांनी बादल्या उचलत होते, नीट बोलत होते. मर्यादा रात्री अडीचला संपलेली नव्हती. ती सकाळी साडेआठपर्यंत होती, आणि अजून सात वाजायचे होते.

मला या प्रसंगातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही. घरात दुखणे आले की रुग्णालयात जातो तो कमावता मुलगा, आणि ज्या बाईने सारे पाहिलेले असते ती दाराशी उभी राहते. डॉक्टरांच्या प्रश्नांना मुलगा अंदाजाने उत्तरे देतो, आणि तो अंदाज केसपेपरवर वस्तुस्थिती म्हणून लिहिला जातो. दादांची वाचा गेलेली. ते स्वतः सांगू शकत नव्हते. साक्षीदार एकच होती आणि तिला आम्ही विचारलेच नव्हते. ज्याने शेवटचे पाहिले त्या व्यक्तीला बरोबर न्यावे, मग ती बायको असो, सून असो की शाळकरी नातू. नेणे शक्य नसेल तर निघण्यापूर्वी तिला विचारून वेळ कागदावर लिहून घ्यावी. वेळ घड्याळातच सांगितली पाहिजे असे नाही. पाणी, दूधवाला, पहिली लोकल, टी.व्ही.वरची मालिका, कशावरूनही ती काढता येते.

सव्वासातला स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. रक्तदाब १९६/११२ होता. १८५/११० च्या वर असेल तर इंजेक्शन देता येत नाही, म्हणून शिरेतून औषध देऊन तो बेताबेताने उतरवला. (घरी गोळी देऊ नये आणि येथे मात्र दाब उतरवतात, यात विसंगती नाही, येथे तो मोजून, ठरलेल्या आकड्यापर्यंतच उतरवतात.) परिचारिकेने वजन विचारले, कारण या औषधाची मात्रा वजनावर ठरते. आम्हा दोघा भावांना वडिलांचे वजन सांगता आले नाही. रक्त पातळ करणारी काही गोळी चालू आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, हेही विचारले. गोळ्यांचा डबा घरी राहिला होता. मग संमतीपत्र आले. शंभरात साधारण सहा रुग्णांना या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि औषध देऊनही सर्वांना गुण येतोच असे नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. भाऊ अडखळला. "आणि नाही दिले तर?" असे त्याने विचारले. डॉक्टर म्हणाल्या, "तर आत्ता जसे आहेत तसेच राहण्याची शक्यता जास्त." सात चाळीसला इंजेक्शन सुरू झाले.

साडेचार तास उलटले म्हणजे जाण्यात अर्थ नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढता येते. २०१५ च्या चाचण्यांनी हा उपचार सिद्ध केला आणि २०१८ च्या चाचण्यांनी, निवडक रुग्णांत, तो २४ तासांपर्यंत उपयोगी असल्याचे दाखवले. झोपेतून उठतानाच लक्षणे दिसली तरी एम.आर.आय.वरून काही रुग्णांत झटका ताजा आहे का हे कळू शकते. ही सोय सर्वत्र नाही आणि खर्चिक आहे, हे खरे. पण निर्णय डॉक्टरांना घेऊ द्यावा. तो आपण घरी घेऊ नये.

विद्यार्थी मित्रांनी लक्षणे पाठ करावीत, कारण घरात सर्वांत शांत डोके बहुधा त्यांचेच असते. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली येतो का पाहा. एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात का ऐका. यांतले एकही अचानक दिसले तर घड्याळ पाहायचे आणि फोन करायचा. अचानक तोल जाणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, कधी न झालेली भयंकर डोकेदुखी हीही लक्षणे आहेत. हा म्हाताऱ्यांचाच आजार आहे असे समजू नका. पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो, असा जागतिक अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही मुख्य कारणे सर्वांना माहीत आहेत. दादांची गोळी बरे वाटले की बंद व्हायची आणि मिशरी मात्र कधी बंद झाली नाही.

पैशांविषयी दोन शब्द. आणीबाणीच्या रुग्णाला प्रथम वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात ते आणखी पुढे गेले. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला खाट नाही, साधने नाहीत म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. बाबासाहेबांनी शिल्पित केलेल्या राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचा हा भंग आहे असे ठरवून न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आणीबाणीच्या रुग्णाकडे त्यांनी अनामत रक्कम मागायची नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो; त्याला गाठावे. रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या प्रती, चालू गोळ्यांची यादी आणि वजन लिहिलेला कागद एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवावा. आमच्या दाराजवळ आता ती पिशवी आहे.

वॉर्डातील एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दादांना गिळता येते की नाही याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नव्हते. नाकातून नळी होती. भेटायला येणाऱ्यांना ते पाहवत नसे. शेजारच्या खाटेवरील एका आजोबांना त्यांच्या लेकीने डॉक्टरांची पाठ वळताच चमच्याने चहा पाजला. दोन दिवसांनी त्यांना न्यूमोनिया झाला. ती लेक पुढे आम्हाला रोज विचारी, "चार चमच्यांनी होतं का हो असं?" होते. पण तिला ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी म्हणालो, वयही झाले आहे त्यांचे.

दादा सतराव्या दिवशी घरी आले. आधार घेऊन उभे राहणे, मग काठीने चालणे, मग जिना, असे महिन्यामहिन्याने जमत गेले. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्या तीन महिन्यांत हयगय करू देऊ नका असे बजावले होते. नातवाने ते काम केले. बोलणे बरेच परत आले आहे. रागावले की शब्द अडतात, त्यामुळे ते हल्ली फारसे रागावत नाहीत, असे आई म्हणते. उजव्या हाताची बोटे मात्र अजून पेन धरू शकत नाहीत. त्यांनी मंडळाचे हिशेब सोळा वर्षे स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. डाव्या हाताने सही बसवायला त्यांना सात महिने लागले. या स्मरणिकेच्या देणगीच्या पावत्यांवर तळाशी जी वाकडी, जरा मोठी सही दिसेल, ती त्यांचीच आहे.